करमळाच्या फोडी

“अक्का, त्या तांब्यावर झाकण ठेव गो,” दिगू म्हणाला. “उघडा असला की माझ्याकडे बघत बसतो.”

मी नुकतीच पूजा आटोपून माजघरात आले होते. तांब्या माझाच, तीर्थासाठी भरून आणलेला. मी त्यावर फुलपात्र उपडं घातलं आणि उचलून आत फडताळात नेऊन ठेवला. परत आले तर तो भिंतीला टेकून त्या फडताळाकडेच पाहत होता. पाय सुजलेले, ओठांचे पापुद्रे निघालेले, डाव्या मनगटाशी सुया टोचून टोचून झालेली गाठ. थट्टा मात्र जशीच्या तशी होती.

दिगंबर माझा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता, राजापूर आगारात. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मुली बघायला सुरुवात केली आणि आजार निघाला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन आणायचं. आणि पाणी, चहा, आमटीचं पाणी, सगळं मिळून दिवसभरात एक लहान भांडं. शरीरातून बाहेर जायला वाटच नाही, तर आत घेतलेलं पाणी जाणार कुठे, म्हणून.

माझं मूत्रपिंड त्याला जुळलं होतं. ह्यांनी कागदावर सही करताना एवढंच विचारलं, “मथुरा, भीती नाही ना वाटत?” मला भीती वाटली नाही. उलट देवाने आपल्याला दोन दिली ती कशासाठी, याचं उत्तर मिळालं असंच वाटलं. शस्त्रक्रिया कोल्हापूरला व्हायची होती, पुढच्याच महिन्यात. तोवर दिगूला सांभाळायचं, एवढंच काय ते काम. त्यासाठी मी माहेरी येऊन राहिले होते.

त्याच्यासाठी मी दोन नेम धरले होते. एक लक्षवातींचा. कापूस निवडून हाताने वाती वळायच्या, लाख वाती देवापुढे लावायच्या. दुसरा मी कुणाला सांगितला नव्हता. दिगू पितो तेवढंच पाणी आपणही प्यायचं. हा दुसरा नेम काही टिकला नाही. तपासणीला गेले तेव्हा रत्नागिरीच्या खानविलकर डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ बघूनच ओळखलं.

“पाणी पीत नाही का तुम्ही?”

“नेम आहे,” मी म्हटलं.

“कसला नेम? तुमच्याकडे भावाची ठेव आहे. ठेव सांभाळायची असते, वाळवायची नसते. भरपूर पाणी प्या.”

तेव्हापासून मी दाराआड उभी राहून पाणी पीत असे. घोटाचा आवाज होणार नाही इतकं हळू. देवाला सांगितलं होतं, हे माझं नाही, त्याचंच पाणी आहे.

त्या दिवशी एकादशी होती, मार्गशीर्षातली. आई परसातून आली ती ओच्यात काहीतरी घेऊन. पंच्याहत्तरीच्या घरातली बाई, पण पाठीत अजून वाक नव्हता. येता येता तिचं चालूच होतं.

“पौषात कापाकापी ठेवलीय मेल्यांनी. पौषात कोण करतं गो शुभकार्य?”

“आई, यम काय पंचांग बघून येतो?” दिगू म्हणाला. “तो महिना मोकळा असतो म्हणून डॉक्टरांनी आपल्याला घेतलं. लग्नं नसतात ना.”

“जिभेला काही हाड आहे का तुझ्या?”

“हाड आहे, पाणी नाही.”

आईने ओचा सोडला. पिवळीजर्द करमळं होती, पाच धारांची. कडेने थोडी तपकिरी झालेली, म्हणजे झाडावरच पिकलेली. शहरातले लोक ह्याला स्टारफ्रूट म्हणतात, कारण आडवं कापलं की चांदणी पडते. आमच्या विहिरीजवळ बाबांनी लावलेलं झाड होतं. बाबांना कावीळ झाली तेव्हा ह्याच झाडाच्या फळांचा रस पिऊन ते उठले, असं आई सांगायची. वाडीत कुणाला पित्त झालं, ऊन लागलं, लघवीला जळजळलं, की माणूस भांडं घेऊन आमच्या परसात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाबांच्याच नावाने, ‘अप्पांचं झाड’ म्हणून ते ओळखलं जाई.

“लिंबाची फोड चोखायला सांगितलीय ना डॉक्टरणीने? तहान मारायला?” आईने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“मग लिंबू आंबट, हेही आंबट. लिंबू बाजारातलं, हे घरचं. लिंबाने दात आंबून गेलेत पोराचे.”

“आई, त्यांना विचारून देऊया का? केळं नाही, शहाळं नाही, संत्रं नाही, टोमॅटो नाही, असं किती नाही म्हटलंय त्यांनी.”

“करमळ नाही म्हटलंय?”

नव्हतं म्हटलं. मी आठवून पाहिलं. बाईंनी एकेक जिन्नस बोटावर मोजून सांगितला होता, पालेभाजीसुद्धा दोनदा उकळून पाणी फेकायला सांगितलं होतं. करमळाचं नाव त्यात नव्हतं.

“अक्का,” दिगू म्हणाला, “ज्या गावाचं तिकीटच छापलेलं नाही, तिथे जायला मनाई कशी असेल?”

“उद्या जायचंच आहे आपल्याला रत्नागिरीला. उद्या विचारू.”

“उद्याची तहान उद्या. आजची काय करू?”

असं तो हसत म्हणाला खरा, पण त्याचे डोळे त्या फळांवर होते. कुठल्याही मुलाचे खाऊवर असतात तसे. आईने विळी घेतली. पातळ पातळ चांदण्या कापल्या, बिया काढल्या, मीठ चालत नव्हतं म्हणून वर साखर भुरभुरली आणि बशी त्याच्यापुढे ठेवली.

पहिली फोड त्याने नुसती जिभेवर धरली. डोळे मिटले. गालाच्या आत काहीतरी हललं, आणि खूप दिवसांनी मी त्याच्या ओठांच्या कडेला ओल पाहिली.

“काय रे?” आईने विचारलं.

“बोलू नकोस,” तो म्हणाला. “पाऊस पडतोय.”

त्याने ती बशी संपवली. आईने आणखी एक कापलं, तेही संपवलं. मग म्हणाला, “अक्काला दे गो, तिचा उपास आहे. राजगिऱ्याचा लाडू खाऊन तिचा चेहरा लाडवासारखा झालाय.” उरलेली करमळं मी खाल्ली. त्याच्यापेक्षा जास्तच खाल्ली असतील. आईला दातांमुळे आंबट चालत नसे. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत बसली. आम्ही लहान असताना पंगतीला बसायचो तेव्हा ती अशीच बघत बसायची. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

दुपारी तो झोपला. झोपेतून उठला तो उचकी घेऊनच.

“आली वाटतं कुणालातरी आठवण,” आई म्हणाली.

आमच्याकडे उचकीचा उपाय ठरलेला. पाण्याचे सात घोट, नाहीतर नावं. पाणी तर त्याला द्यायचं नव्हतं. तेव्हा नावंच. जो कोणी आठवण काढत असेल त्याचं नाव उच्चारलं की उचकी थांबते. लहानपणी आम्ही ह्या खेळात पार पणजीपर्यंत जायचो.

“आत्या,” आई म्हणाली.

उचकी.

“सुरूमामा. चंपूमावशी. आगारातला तो तुझा ड्रायव्हर, काय त्याचं नाव, घाडी.”

उचकी. उचकी.

“घाडी कशाला आठवण काढतोय,” दिगू म्हणाला. “माझ्या जागी आता बाई कंडक्टर आहे त्याच्या गाडीवर.”

“मग ती भू गावची मुलगी. बघायला गेलो होतो ती.”

“तिने नाही सांगितलं आई.”

“नाही सांगितलं म्हणूनच आता आठवत असेल. पस्तावली असेल.”

मी हसले. तोही हसला, आणि हसता हसता उचकीने त्याला मध्येच तोडलं. मी त्याच्या पायाशी बसून वाती वळत होते. हसण्याने कापूस उडाला तो त्याच्या पायांच्या सुजेवर बसला, मी बोटाने टिपून घेतला. आई एकेक नाव घेत होती आणि तो गाडीत ओरडावं तसा म्हणत होता, “चला, मावशी उतरणार आहेत का? नाही? पुढे चला. मामा? नाही? पुढे चला.”

तासाभराने थट्टा कमी झाली. उचकी कमी झाली नाही. साखरेची चिमूट दिली, श्वास कोंडायला लावला, आईने पाठीत थोपटलं. दर उचकीला त्याचं सगळं अंग उचललं जाई. “डावा हात मुंग्या आल्यासारखा झालाय,” तो म्हणाला. मी हात चोळून दिला.

“मी शेजारून फोन करते रत्नागिरीला,” मी म्हटलं.

“उचकी लागली म्हणून? हसतील. उद्या जातोयच ना.”

आई म्हणाली, “कोणीतरी फार तळमळून आठवण काढतंय.”

दिवेलागण झाली. मी देवापुढे दिवा लावला, त्या दिवशीच्या वाती लावल्या. बाहेर येऊन पाहते तर दिगू उठून बसला होता आणि हाताने हवेत काहीतरी चाचपत होता. डोक्यावरची घंटीची दोरी शोधत असावा तसं.

“धाऊलवल्ली,” तो म्हणाला. “धाऊलवल्लीवाले पुढे या.”

“दिगू?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, आणि मग ओळख निसटली असं वाटलं. “पैसे सुटे द्या बाई,” तो म्हणाला, आणि पुन्हा उचकी.

मला वाटलं, थट्टा करतोय. माझ्या भावाची थट्टा कुठे संपते आणि दुसरं काही कुठे सुरू होतं हे मला तोवर कधी शोधावं लागलं नव्हतं. मी उठून शेजारी खोतांच्या घराकडे धावले, जीप मिळते का बघायला. दारातून बाहेर पडताना आईचा आवाज ऐकला. सगळी नावं संपली होती तिची. जिवंत माणसांपैकी कुणी उरलं नव्हतं.

“तुझे बाबा,” ती म्हणाली.

उचकी थांबली.

मी उंबऱ्यावर थबकले. घर एकदम गप्प झालं. दिगू आईकडे बघून हसला, अगदी शुद्धीवर असल्यासारखा.

“उतरले,” तो म्हणाला.

आणि मग त्याचं अंग कमानीसारखं ताठ झालं, डोळे वर गेले, हातपाय झडायला लागले.

जीप मिळाली. वाटभर आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, जणू त्यांच्यातून पुन्हा एखादं नाव बाहेर पडेल अशी तिला धास्ती होती.

रत्नागिरीला त्यांनी त्याला लगेच यंत्रावर घेतलं. झटके थांबायचे, परत यायचे. मी काचेच्या दाराशी उभी राहून नामस्मरण करत होते. पदरात कापूस तसाच होता. उभ्या उभ्या वाती वळत होते. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा खानविलकर बाई बाहेर आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तोंडावरची पट्टी काढली, ती ज्या रीतीने काढली त्यावरूनच कळलं.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिला मीच सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “घेऊन गेले ते.”

थोड्या वेळाने बाईंनी मला आत बोलावलं. दार लावलं.

“मथुराबाई, मला एक समजत नाहीये. गेल्या खेपेला त्याचं सगळं बरं होतं. काल काय खाल्लं त्याने? एकूण एक सांगा.”

मी सांगितलं. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी मऊ भात. मध्ये करमळ.

“काय?”

“करमळ. आमच्या परसातलं फळ आहे. लिंबासारखं चोखायला.”

“पिवळं? धारा असतात? कापलं की चांदणी दिसते?”

“हो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आणि मग उचकी लागली,” त्या म्हणाल्या. मी उचकीबद्दल त्यांना अजून काही बोललेच नव्हते.

“कसं कळलं तुम्हाला?”

“ती पहिली खूण असते.” त्या खूप हळू बोलत होत्या. “त्या फळात एक विष असतं. तुम्हाआम्हाला ते बाधत नाही. आपली मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. उलट फळ चांगलंच आहे, सगळे खातात. पण ज्याची मूत्रपिंडं बंद आहेत त्याच्या अंगात ते साठतं आणि डोक्यात चढतं. मग उचकी, मग भ्रम, मग झटके.”

“झाडाचं फळ आहे हो ते,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. “औषधी आहे. वाडीतले सगळे नेतात.”

“झाड जे काही फळात घालतं ते स्वतःसाठी घालतं, मथुराबाई. आपल्यासाठी नव्हे. आपलं शरीर ते निस्तरतं म्हणून आपण त्याला औषध म्हणतो.” त्यांचे डोळे भरले होते. “मी केळं सांगितलं. शहाळं सांगितलं. हे बाजारात फार दिसत नाही, म्हणून माझ्या तोंडी आलंच नाही. दर वेळी सांगायला हवं होतं मी.”

“तुम्हीही खाल्लंत का?” त्यांनी विचारलं.

“हो. उपास होता.”

“काही झालं?”

“नाही.”

पुढचं मलाच समजत गेलं, खुर्चीत बसल्या बसल्या. एकाच विळीवर कापलेली, एकाच झाडाची फळं. माझ्या अंगातल्या दोघांनी मिळून ते विष गाळून टाकलं, मला न सांगता, मी वाती वळत असताना. त्यातलं एक त्याचं होतं. महिनाभराने ते त्याच्याकडे जायचं होतं.

बाई म्हणाल्या, “आईंना मी सांगू का? की तुम्ही सांगाल?”

मी दाराच्या फटीतून पाहिलं. आई बाकावर ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे. ज्या हातांनी चांदण्या कापल्या होत्या ते हात.

“मी बघते,” मी म्हटलं.

दहनाचं, दिवसांचं सगळं झालं. तेराव्यानंतर एका संध्याकाळी आई मागच्या पडवीत बसून होती. मी जाऊन बसले. मनाशी शब्द जुळवून आले होते. पोटात खोटं ठेवून माझा नेम कसा चालणार, असं वाटत होतं.

“मथू,” तीच आधी म्हणाली. “मी त्यांचं नाव घ्यायला नको होतं.”

“आई—”

“जिवंत माणसांची घ्यायची असतात नावं. मला ठाऊक होतं ते. माझ्या सासूने सांगितलं होतं. पण इतका वेळ लेकरू तडफडत होतं, मला वाटलं, थांबू दे एकदाची. मी हाक मारली, त्यांनी ऐकलं. मीच बोलावून आणलं त्यांना.”

“नाही गो आई. तसं नाही.”

“मग कसं?”

माझ्या जिभेवर आलं होतं. आई, नावाने काही झालं नाही. नाव निर्दोष आहे, बाबा निर्दोष आहेत, त्यांनी नाही नेलं. एवढं म्हटलं असतं तर तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं असतं. पण मग तिने विचारलं असतं, कशाने झालं? आणि त्याचं उत्तर विहिरीजवळ उभं होतं, फळांनी लगडलेलं.

ती परसाकडे बघत म्हणाली, “एवढंच एक बरं झालं माझ्या हातून. जाताना त्याची जीभ ओली केली. किती चवीने खाल्लं पोराने. म्हणाला, पाऊस पडतोय. आठवतंय तुला?”

“आठवतंय.”

“तेवढं एक बरं झालं,” ती परत म्हणाली.

तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. ते काढून घ्यायचं धैर्य मला झालं नाही. तिला दोन्हीपैकी एक दुःख देणं माझ्या हातात होतं, आणि जे तिने आधीच उचललं होतं ते मी तिच्या डोक्यावर तसंच राहू दिलं.

वाडीतल्या घराघरांत मात्र मी जाऊन सांगितलं. आईच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, बायकांना पाणवठ्यावर, माणसांना देवळात. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे त्याला करमळ देऊ नका, एक फोडही नको. काहींनी ऐकलं. भिकूकाका म्हणाले, “अगो, अप्पांचं झाड ते. त्याने माणूस उठतो, मरतो कसला?” मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, “काका, एवढं ऐका.” ते गोंधळले, पण ऐकलं. झाड तोडावं असं मला हजारदा वाटलं. पण आई त्याला रोज पाणी घालायची, संध्याकाळी त्याच्या बुंध्याशी पणती ठेवायची. दिगूच्या आठवणीचं झाड झालं होतं ते.

बाबांचा फोटो तिने माजघरातून काढून टाकला. त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी ती देवदर्शनाला म्हणून बाहेर पडे आणि तिन्हीसांजेपर्यंत परत येत नसे. सगळ्या संसारात एका शब्दाने वाकडं न बोललेली बाई, पण नवरा गेल्यावर इतक्या वर्षांनी त्याच्याशी अबोला धरून बसली. बाबांसाठी मला फार वाईट वाटे. मृत माणसाची बाजू कुणी मांडावी? जिला मांडता येत होती ती मी होते, आणि मी तोंड मिटून वाती वळत होते. लक्षवाती पुऱ्या झाल्या की नाही, मी मोजलं नाही. मोजून मागायचं काय होतं? हात मात्र थांबत नव्हते. अजून थांबलेले नाहीत.

आई आणखी काही वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी पुन्हा माहेरी येऊन राहिले. तिला चमच्याने पाणी पाजत होते. एका सकाळी चमचा तिने हाताने बाजूला सारला.

“मथू, खरं सांग. तू खोटं बोलत नाहीस.”

“काय गो?”

“मी ते नाव घेतलं नसतं, तर दिगू राहिला असता का?”

इतक्या वर्षांत तिने हे असं समोरासमोर विचारलं नव्हतं. मला वाटतं, देवाने मला दिलेली ही एवढी एकच सवड होती. एवढ्याच प्रश्नाला मी खरं उत्तर देऊ शकत होते.

“नसता राहिला, आई. नाव घेतलंस म्हणून काही झालं नाही. त्याआधीच झालं होतं.”

“त्याआधी काय झालं होतं?”

मी चमचा परत पाण्यात बुडवला. “आजारच होता ना तो,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग तिने डोळे मिटले.

“त्याच्या पानावर करमळाच्या फोडी वाढत जा,” ती म्हणाली. “दर वर्षी. साखर घालून. मी नसले तरी.”

“हो.”

“शब्द दे.”

मी दिला.

आता घर बंद असतं. दिगूच्या तिथीला तेवढी मी येते, सोबत माझा मुलगा असतो, तो सगळं यथासांग करतो. भात, वरण, वडे, खीर, सगळं वाढून झालं की मी परसात जाऊन झाडावर पिकलेलं एक करमळ काढते. विळीवर पातळ पातळ चांदण्या कापते, बिया काढते, वर साखर भुरभुरते आणि माझ्या हाताने त्याच्या पानावर वाढते. शब्द दिलेला आहे. मुलगा विचारतो, “मामाला हे फार आवडायचं का गो आई?” मी म्हणते, “हो.”

मग पानाशेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवते. काठोकाठ भरलेला. त्यावर झाकण ठेवत नाही.